ब्राह्मी आणि स्मरणशक्ति : एका वनस्पतीच्या परीक्षेचा इतिहास

परीक्षेचे दिवस जवळ आले, कीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांतून ब्राह्मीची आठवण होते. कोणी मुलाच्या टाळूवर ब्राह्मीचें तेल थापतात, कोणी रोज सकाळीं चमचाभर ब्राह्मीघृत देतात, आणि ज्यांना या दोहोंचा कंटाळा ते दुकानांतून गोळ्यांची बाटली आणतात. त्याच घराच्या दुसऱ्या कोपऱ्यांत एखादें वृद्ध माणूस असतें. चष्मा कोठें ठेवला हें विसरण्यापासून आरंभ होतो, आणि एके दिवशीं घरांतल्या सुनेचें नांव आठवेनासें होतें. तेव्हांहि त्याच बाटलीकडे हात जातो. नातवाच्या परीक्षेला आणि आजोबांच्या विस्मृतीला एकच औषध पुरेल, ही समजूत कोठून आली, ती कोणी तपासून पाहिली, आणि त्या तपासणींत काय निघालें, याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. त्या इतिहासांत एक घोटाळा मात्र अगदीं आरंभापासून आहे. ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती वनस्पति, याविषयींच शतकानुशतकें एकमत नव्हतें.

आपल्या प्राचीन वैद्यांनीं बुद्धीचा विचार मोठ्या बारकाईनें केला होता. ग्रहण करण्याची शक्ति, धारण करण्याची शक्ति आणि आठवण्याची शक्ति या त्यांना एकच वाटत नव्हत्या. धी, धृति आणि स्मृति अशीं त्यांचीं निरनिराळीं नांवें आहेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत रसायनांचा अध्याय आहे. त्यांत बुद्धिवर्धक म्हणून चार औषधें एकत्र सांगितलीं आहेत : मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचें चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चारांत शंखपुष्पी विशेष गुणकारी, असाहि अभिप्राय तेथें दिला आहे. श्रोत्यांना आश्चर्य वाटेल, पण या चारांत ब्राह्मीचें नांव नाहीं. ब्राह्मी चरकांत भेटते ती निराळ्या ठिकाणीं, अपस्माराच्या चिकित्सेंत. तेथें ब्राह्मीचा रस, वेखंड, कोष्ठ आणि शंखपुष्पी यांनीं जुनें तूप सिद्ध करावयास सांगितलें आहे. म्हणजे चरकाच्या काळीं ब्राह्मीघृत हें मुख्यतः फेफऱ्याच्या रोग्यासाठीं होतें, अभ्यासांत मागें पडलेल्या मुलासाठीं नव्हे. सुश्रुतसंहितेंत मेधा आणि आयुष्य वाढविण्याचा एक स्वतंत्र अध्याय आहे. तेथें मंडूकपर्णी व ब्राह्मी यांचे प्रयोग वेगवेगळे दिले आहेत, आणि वेखंडाचाहि आहे.

तेव्हां संहिताकारांच्या मनांत या दोन वनस्पति वेगळ्या होत्या, यांत शंका नाहीं. अडचण अशी, कीं संहितांना चित्रें नव्हतीं. वनस्पतीची ओळख गुरूनें शिष्याला रानांत नेऊन करून द्यावयाची. ही परंपरा जेथें तुटली तेथें नांव राहिलें आणि झाड बदललें. सोळाव्या शतकांत भावमिश्रानें आपल्या भावप्रकाशांत ब्राह्मी आणि मंडूकपर्णी यांना शेजारीं शेजारीं बसवून त्यांचे गुण सारखेच सांगितले. एक न मिळाल्यास दुसरी वापरण्यास वैद्यांना यापेक्षां अधिक मोकळीक ती कोणती हवी? शंखपुष्पीची अवस्था तर याहून बिकट झाली. विष्णुक्रांता आणि गोकर्ण यांसह निरनिराळ्या कुळांतील तीन-चार वनस्पति निरनिराळ्या प्रांतांत या एकाच नांवानें विकल्या जाऊं लागल्या, आणि प्रत्येक प्रांताचा वैद्य आपलीच खरी असें म्हणूं लागला.

या दोन ब्राह्मी एकदां शेजारीं ठेवून पाहिल्या, तर त्यांची गल्लत कशी झाली याचेंच नवल वाटतें. पहिली पाणथळ जागीं, भाताच्या बांधांवर आणि ओढ्यांच्या कांठीं चिखलांत पसरते. तिचे दांडे मांसल. पानें लहान, जाड, चमच्याच्या आकाराचीं, समोरासमोर आणि बिनदेठाचीं. फुलें पांढरीं अथवा फिकट जांभळीं. चव इतकी कडू, कीं एकदां चाखली म्हणजे विसरत नाहीं. या वनस्पतीला शास्त्रीय भाषेंत बॅकोपा मॉनिएरी म्हणतात. पूर्वीच्या ग्रंथांत तिचें नांव हर्पेस्टिस मॉनिएरा असें आढळतें. मराठींत तिला नीरब्राह्मी अथवा जलब्राह्मी म्हणतात. दुसरी जमिनीलगत तंतूंनीं पसरते. तिचें पान लांब देठाचें, मूत्रपिंडाच्या आकाराचें आणि कडेला दातेरी असतें. तीच मंडूकपर्णी. शास्त्रीय नांव सेंटेला एशियाटिका, आणि मराठी नांव कारिवणा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें पहिली इसबगोलाच्या कुळांतली, तर दुसरी कोथिंबीर व जिऱ्याच्या कुळांतली. इतकें असूनहि महाराष्ट्रांत आणि उत्तर हिंदुस्थानांत कारिवण्यालाच ब्राह्मी म्हणण्याचा प्रघात पडला. बंगाल व केरळ येथें मात्र ब्राह्मी म्हणजे ती कडू नीरब्राह्मीच. बंगाल्यांच्या घरीं ब्राह्मीचा शाक आणि थानकुनीचीं पानें हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि थानकुनी म्हणजे आपला कारिवणा. स्वयंपाकघरानें जो भेद जपला तो औषधांच्या दुकानानें घालविला, असें येथें म्हणावें लागतें.

या दोहोंचीं छापील चित्रें प्रथम दिलीं तीं एका डच अधिकाऱ्यानें. मलबारचा डच सेनापति हेंड्रिक व्हॅन रीड यानें 'होर्टस मलाबारिकस' नांवाचा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ करविला. तो १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापून निघाला. या कामीं त्याला इट्टी अच्युतन् या केरळीय वैद्याचें आणि रंगभट, विनायक पंडित व आपूभट या कोंकणी वैद्यांचें साहाय्य झालें. या तिघां कोंकणी वैद्यांची साक्ष त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडांत नागरी लिपींत छापलेली आहे, ही गोष्ट गोमंतकीयांना व मराठी वाचकांना अभिमान वाटावी अशीच आहे. त्या ग्रंथाच्या दहाव्या खंडांत आपल्या दोन्ही वनस्पति आहेत. एकीचें नांव 'कोडगम', म्हणजे मंडूकपर्णी, दुसरीचें 'बेआमी'. 'बेआमी' हें डच कानानें ऐकलेलें ब्राह्मीच, हें सांगावयास नको. केरळांतील वैद्यांनीं ब्राह्मी म्हणून जी वनस्पति दाखविली ती नीरब्राह्मी होती, इतकें या चित्रावरून ठरतें.

इंग्रजी अमदानींत ब्राह्मीच्या बुद्धिवर्धक गुणाकडे कोणाचें फारसें लक्ष गेलें नाहीं. युरोपीय डॉक्टरांना मंडूकपर्णींत रस होता तो महारोगावरील औषध म्हणून, आणि १८६८ च्या सरकारी 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'मध्यें तिला जागा मिळाली तीहि त्याच नात्यानें. मुंबईस औषधी भांडाराचे अधिकारी असलेले विल्यम डायमॉक यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील औषधी वनस्पतींवर मोठें काम केलें, आणि वॉर्डन व हूपर यांच्या सहकार्यानें 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा ग्रंथ १८९० ते १८९३ मध्यें सिद्ध केला. बाजारांत कोणतें मूळ कोणत्या नांवानें येतें, तें खरें कीं बनावट, याची जी नोंद अशा माणसांनीं ठेवली ती पुढील संशोधकांना फार उपयोगी पडली. मेंदूचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो प्रश्न प्रयोगशाळेंत नेण्याचा पहिला मान बंगालचा. १९३१ मध्यें बोस आणि बोस या दोघां संशोधकांनीं नीरब्राह्मींतून एक अल्कलॉइड वेगळें केल्याचें प्रसिद्ध केलें आणि त्याला 'ब्राह्मीन' असें नांव दिलें. तो काळच अल्कलॉइडांचा होता. अफूंतून मॉर्फिन, सिंकोनांतून क्विनीन, कुचल्यांतून स्ट्रिक्नीन निघालें होतें. तेव्हां प्रत्येक गुणकारी झाडांत असाच एखादा जहाल कण दडलेला असणार, अशी रसायनज्ञांची श्रद्धा होती. ब्राह्मीनचा परिणाम स्ट्रिक्नीनसारखाच, पण सौम्य, असें सांगण्यांत आलें. आजच्या ज्ञानानें पाहतां हा माग चुकीचा ठरला. बुद्धीवर परिणाम करणारें द्रव्य त्या दिशेला नव्हतें. परंतु त्या संशोधकांना हंसण्याचें कारण नाहीं. ज्या काळीं देशी औषध म्हटलें कीं पुष्कळ शिकलेले लोक नाक मुरडीत, त्या काळीं तें तराजूंत घालून पाहावें असें त्यांना वाटलें, हेंच विशेष. कलकत्त्याच्या ट्रॉपिकल स्कूलमध्यें कर्नल रामनाथ चोप्रा हेंच कार्य मोठ्या प्रमाणावर करीत होते, आणि त्यांचा देशी औषधांवरील ग्रंथ १९३३ मध्यें बाहेर पडला.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्यें लखनौ येथें केंद्रीय औषध संशोधन संस्था स्थापन झाली. अवधच्या नबाबांचा छत्तर मंझिल हा गोमतीकांठचा राजवाडा तिला प्रथम राहावयास मिळाला. नबाबी दिवाणखान्यांत परीक्षानळ्या आणि पिंजरे मांडले गेले. तेथें चटर्जी, रस्तोगी आणि धर या रसायनज्ञांनीं १९६३ आणि १९६५ मध्यें नीरब्राह्मींतील द्रव्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. तीं अल्कलॉइडें नव्हतीं. सॅपोनिनें होतीं, म्हणजे रिठ्याच्या फेंसांत जीं असतात त्या जातीचीं. त्यांना 'बॅकोसाइड अ' आणि 'बॅकोसाइड ब' अशीं नांवें मिळालीं. पुढें २००५ मध्यें असें दिसून आलें, कीं 'बॅकोसाइड अ' हा एक पदार्थ नसून चार सॅपोनिनांचें मिश्रण आहे. म्हणजे ज्या वनस्पतीच्या नांवाचा घोळ होता, तिच्या सत्त्वाच्या नांवांतहि घोळ निघाला.

त्याच संस्थेंत एच. के. सिंग आणि बी. एन. धवन यांनीं उंदरांवर केलेले प्रयोग १९८२ मध्यें प्रसिद्ध झाले. एका पेटींत पांढरा उंदीर ठेवावयाचा. संकेत द्यावयाचा, आणि क्षणभरानें पायांखालच्या जाळीला विजेचा सौम्य झटका द्यावयाचा. कांहीं वेळां असें झालें कीं उंदराला संकेत समजतो आणि झटका बसण्यापूर्वींच तो सुरक्षित जागीं पळतो. अशा तीन प्रकारच्या शिकवण्या घेण्यांत आल्या. ब्राह्मीचा मद्यार्कांत काढलेला अर्क वजनाच्या प्रत्येक किलोला ४० मिलिग्रॅम या मानानें तीन किंवा अधिक दिवस पाजलेले उंदीर लवकर शिकले आणि शिकलेलें त्यांनीं अधिक चांगलें राखलें, असा निष्कर्ष निघाला. हें काम व्यवस्थित होतें आणि त्याचें महत्त्व कमी लेखण्याचें कारण नाहीं. तरीपण भिऊन पळणें आणि भूमितीचें प्रमेय आठवणें यांत अंतर आहे. तें अंतर माणसांवर प्रयोग करूनच तोडावें लागतें.

माणसांवरील ज्या प्रयोगांची आज सर्वत्र चर्चा होते, ते बहुतेक ऑस्ट्रेलियांत झाले. ब्राह्मीच्या भाग्यांत आपला देश सोडून दुसरीकडे परीक्षेला बसणें होतें. या प्रयोगांची रीत समजून घेण्यासारखी आहे. निरोगी माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावयाचे. एका गटाला ब्राह्मीचा अर्क, दुसऱ्याला रंगारूपानें तशीच पण निर्गुण गोळी. कोणाला काय मिळालें हें घेणाऱ्यालाहि ठाऊक नाहीं आणि देणाऱ्यालाहि नाहीं. तें कागदावर लिहून कुलपांत ठेवलेलें असतें. इतका खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. एकच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा दिली, कीं मुलाला गुण अधिक पडतात, मग त्यानें मध्यंतरीं काहींहि खाल्लेलें असो. औषधाचा विश्वास हाहि स्वतः एक औषध आहे. निर्गुण गोळीच्या गटाला जितका फायदा झाला तितका वजा केल्यावर जें उरतें तेंच ब्राह्मीचें.

स्मृति मोजण्याची एक प्रचलित कसोटी अशी आहे : पंधरा साध्या शब्दांची यादी पांच वेळां वाचून दाखवावयाची आणि प्रत्येक वेळीं आठवतील तितके शब्द म्हणावयास लावावयाचे. मग मध्येंच दुसरी यादी घालून मन विचलित करावयाचें, आणि अर्ध्या तासानें पहिली यादी पुन्हां विचारावयाची. मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठांत १८ ते ६० वर्षांच्या ४६ निरोगी माणसांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे देण्यांत आला. २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत शब्द शिकण्याची गति वाढल्याचें व पाहिलेली माहिती लवकर समजूं लागल्याचें दिसलें. आणि हा परिणाम पांच आठवड्यांपेक्षां बारा आठवड्यांनीं अधिक होता. पुढच्याच वर्षीं ४० ते ६५ वर्षांच्या ७६ माणसांवरील तीन महिन्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत शिकण्याची गति जशीच्या तशीच राहिली, परंतु शिकलेलें विसरण्याचें प्रमाण कमी झालें. दोन्ही प्रयोग ब्राह्मीच्या बाजूचे, पण दोघांचें म्हणणें एक नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. एक म्हणतो ती घेण्यास मदत करते, दुसरा म्हणतो ती राखण्यास करते. धी आणि धृति यांतील जुना भेद येथें अकस्मात् पुन्हां डोकें वर काढतो.

अमेरिकेंत ६५ वर्षांवरील ५४ वृद्धांवर आणि ऑस्ट्रेलियांत ५५ वर्षांवरील ९८ जणांवर असेच प्रयोग झाले. ते अनुक्रमें २००८ व २०१० मध्यें प्रसिद्ध झाले. दोहोंतहि थोड्या वेळानें शब्द आठवण्यांत सुधारणा दिसली. दुसऱ्या प्रयोगांत पुष्कळांना शौचास अधिक वेळां जावें लागलें, पोटांत मुरडा आला आणि मळमळलें; ८१ जणच शेवटपर्यंत टिकले. 'निसर्गाचें औषध, त्याला अपाय कसला' असें म्हणणारांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा. मोठा परिणाम पाहण्यासाठीं २०१४ मध्यें नऊ प्रयोगांतील ५१८ माणसांचे निकाल एकत्र करण्यांत आले. त्यांतून जें ठळकपणें निघालें तें स्मृतीसंबंधीं नसून लक्षाच्या चपळाईसंबंधीं होतें : पर्याय निवडून प्रतिसाद देण्याचा वेळ सुमारें १० मिलिसेकंदांनीं, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागानें, कमी झाला. परिणाम खरा असूं शकतो, आणि तरीहि तो इतका लहान असूं शकतो.

या सर्वांत परीक्षार्थी मुलाच्या आईला हवी असलेली गोष्ट कोठें आहे? ती नाहीं. वर सांगितलेल्या चारहि प्रयोगांतील माणसें प्रौढ होतीं. ब्राह्मीची एकच मात्रा देऊन दोन तासांनीं ३८ निरोगी माणसांची परीक्षा घेतल्याचा एक प्रयोग २००१ चाच आहे, आणि त्यांत कोणताहि परिणाम आढळला नाहीं. परीक्षेच्या आठवड्यांत बाटली फोडणें म्हणजे पेरणी करून दुसऱ्या दिवशीं विळा घेऊन शेतावर जाण्यापैकीं होय. तेलाची गोष्ट तर सर्वस्वीं निराळी. प्रयोग झाले ते पोटांत घेतलेल्या अर्काचे, मोजून दिलेल्या मात्रेचे. टाळूवर थापलेल्या तेलाची साक्ष त्यांत कोणीहि दिलेली नाहीं. तेलानें डोकें निवत असेल, केस बरे दिसत असतील, आणि आईचा हात डोक्यावरून फिरल्यानें मूल शांत झोंपत असेल. हे लाभ लहान नाहींत. पण ते लखनौच्या उंदरांच्या नांवावर खपवूं नयेत.

मंडूकपर्णीची परीक्षाहि झाली. मंदबुद्धि मुलांच्या सामान्य आकलनशक्तीवर तिचा परिणाम पाहणारा एक निबंध १९७३ मध्यें आपल्याकडे प्रसिद्ध झाला, आणि त्याचा हवाला देत तिच्याविषयीं बरीच वर्षें मोठ्या आशेनें बोललें जात होतें. २०१७ मध्यें तिच्यावरील मानवी प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हां बुद्धीच्या कोणत्याहि अंगांत ठाम सुधारणा सिद्ध होत नाहीं, असें निघालें. म्हणजे ज्या वनस्पतीला चरकाचें वचन आहे तिला आधुनिक प्रयोगांची साथ नाहीं, आणि जिला प्रयोगांची थोडी साथ आहे ती चरकाच्या त्या चार औषधांत नाहीं. जाहिरातींत मात्र चरकाचें वचन, लखनौचे उंदीर आणि मेलबर्नचीं माणसें हीं तिन्ही एकाच बाटलीवर येऊन बसतात. साक्ष एकाची आणि लाभ दुसऱ्याला, असा हा व्यवहार आहे.

वृद्धांच्या विस्मृतीचा प्रश्न याहून गंभीर. साधें विसराळूपण वेगळें, आणि मेंदूच्या पेशी मरत जाऊन माणूस हळूहळू स्वतःलाच पारखा होतो तो विकार वेगळा. पहिल्यावर थोडा उपयोग झाला म्हणून दुसरा टळेल, असें मानण्यास आधार लागतो. तो आधार शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो ब्राह्मीवर नव्हे, तर गिंको नांवाच्या चिनी वृक्षावर. चीन-जपानांत देवळांच्या आवारांत हा फार प्राचीन जातीचा वृक्ष लावतात. त्याच्या पानांचा अर्क जर्मनींत १९६५ पासून औषध म्हणून विकला जाऊं लागला, आणि पुढें लाखो वृद्ध तो स्मृतीसाठीं घेऊं लागले. लहान प्रयोगांत निकाल अनुकूल येत होते, अगदीं ब्राह्मीसारखेच. अमेरिकेंत १९९४ च्या कायद्यानें अशा पूरक पदार्थांना बाजारांत येण्यापूर्वीं गुण सिद्ध करण्याच्या अटींतून मोकळें केल्यावर तर त्यांचा व्यापार फारच फोंफावला.

अखेर अमेरिकेंतील सरकारी साहाय्यानें ७५ वर्षें व त्यांवरील ३,०६९ माणसें निवडण्यांत आलीं. १,५४५ जणांना रोज दोन वेळां १२० मिलिग्रॅम गिंको, आणि १,५२४ जणांना निर्गुण गोळी. सरासरी सहा वर्षें ही मंडळी दर सहा महिन्यांनीं तपासणीस येत राहिली. वार्धक्यांतील माणसांनीं, आपल्याला खरी गोळी मिळत आहे कीं खोटी हें ठाऊक नसतांना, इतकीं वर्षें नेमानें येणें ही साधी गोष्ट नव्हे. या शास्त्राच्या इतिहासांत त्यांचीं नांवें कोठें नाहींत, पण निकाल त्यांचाच आहे. तो २००८ मध्यें प्रसिद्ध झाला. निर्गुण गोळी घेणारांत २४६ जणांना स्मृतिभ्रंशाचा विकार जडला, आणि गिंको घेणारांत २७७ जणांना. गिंकोनें विकार टळला नाहीं. फ्रान्समध्यें ७० वर्षांवरील २,८५४ जणांवर पांच वर्षें चाललेल्या दुसऱ्या प्रयोगाचा निकाल २०१२ मध्यें आला, आणि तोहि तसाच नकाराचा.

यावरून वनस्पतींत मेंदूचें औषध नसतेंच, असें अनुमान काढणारे लोकहि आहेत. तें बरोबर नाहीं. युरोपांत हिवाळ्याच्या अखेरीस बर्फांतून वर येणारें स्नोड्रॉप नांवाचें एक नाजूक पांढरें फूल आहे. त्याच्या कंदांतील गॅलँटामिन या द्रव्याचें काम सोव्हिएट रशियांत १९५१ च्या सुमारास सुरू झालें, आणि बल्गेरियांत दिमितर पास्कोव्ह यांनीं तें औषधाच्या रूपांत आणलें. मेंदूंतील निरोप पोंचविणारें एक द्रव्य लवकर नाश पावूं नये, अशी त्याची क्रिया आहे. अल्झायमरच्या रोग्यांसाठीं त्याला २००० आणि २००१ मध्यें युरोप-अमेरिकेंत मान्यता मिळाली. त्यानेंहि रोग थांबत नाहीं. कांहीं काळ लक्षणें थोडीं सौम्य होतात इतकेंच. परंतु तें द्रव्य कोणतें, किती, कोणाला द्यावयाचें आणि त्यापासून अपेक्षा काय ठेवावयाची, हें वैद्याला ठाऊक असतें. फुलापासून गोळीपर्यंत पोंचावयास त्याला पन्नास वर्षें लागलीं.

ब्राह्मीवर गिंकोइतका मोठा आणि दीर्घ प्रयोग झालेला नाहीं. बारा आठवडे आणि शेंपन्नास माणसें, एवढ्याच मापाचे बहुतेक प्रयोग आहेत. तेव्हां आजोबांचा विकार ती टाळील कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें कोणीहि देऊं शकत नाहीं. नांवाच्या घोळाचा मात्र सरकारी निकाल लागलेला आहे. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशानें ब्राह्मी हें नांव बॅकोपाला आणि मंडूकपर्णी हें नांव सेंटेलाला नेमून दिलें आहे. दोहोंचे घटक निराळे असल्यानें प्रयोगशाळेंत सुक्या चूर्णावरूनहि त्या ओळखतां येतात. परंतु पुण्यामुंबईच्या रोपवाटिकेंत ब्राह्मीचें रोप मागणाऱ्याच्या हातांत अजूनहि पुष्कळदां तो गोल पानाचा कारिवणाच येतो. कुंडींत एक ब्राह्मी आणि कपाटांतल्या गोळींत दुसरी, अशीं घरें थोडीं नाहींत. आणि कुंडीला पाणी घालणाऱ्या आजींना विचारलें, तर त्या दोन्ही एकच म्हणून सांगतात.